मानेखालचं अक्षर

बिस्किटांचा डबा समजून मी तो एका हाताने घ्यायला गेले आणि मनगट लचकायचंच बाकी राहिलं. शेजारच्या आजी दारात उभ्या होत्या. (मनात मी त्यांना आजी म्हणते. तोंडावर नावाने हाक मारते, बर्मिंगहॅममध्ये तीच रीत. पंधरा वर्षं झाली तरी ब्याऐंशी वर्षांच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारताना जीभ अजून अडखळते.) त्यांचे यजमान जाऊन वर्ष झालं होतं, माळा आवरायला काढला होता. मागे एका दिवाळीत त्या फराळाला आल्या तेव्हा आमच्या पूजेच्या ताटात चांदीचा रुपया बघून गेल्या होत्या आणि ते त्यांनी बरोबर लक्षात ठेवलं होतं. "मुलांना नकोत, दुकानदार किलोवर घेतो म्हणतो. तुमच्याकडे नाण्यांची पूजा करतात, तेव्हा तूच ठेव."

स्वयंपाकघरातल्या काट्यावर डबा चार किलो तीनशे ग्रॅम भरला.

आत बहुतेक जुन्या पेन्या. जुनी पेनी म्हणजे जवळजवळ राणीछाप रुपयाएवढी रुंद, तपकिरी, साडेनऊ ग्रॅमच्या आसपासची. अशा दोनशे चाळीस पेन्यांचा एक पौंड व्हायचा, म्हणजे पौंडाची मोड खिशात घेऊन निघालेल्या माणसाच्या अंगावर सव्वादोन किलो ब्राँझ. त्या काळच्या कोटांचे खिसे एवढे दणकट का शिवत असतील ते त्या दिवशी कळलं.

हिशोब समजायला मला वेळ लागला नाही. त्याचं श्रेय माझ्या आजीचं, सांगलीच्या. बारा पै म्हणजे आणा आणि सोळा आणे म्हणजे रुपया, हे तिने मला गोष्टींमधून शिकवलं होतं. इथे बारा पेन्स म्हणजे शिलिंग आणि वीस शिलिंग म्हणजे पौंड. पावकी, निमकी, अडीचकी पाठ असलेल्या आजीला लंडनच्या मंडईत कुणी फसवू शकलं नसतं. हाफ क्राऊन नावाचं एक मोठं चांदीचं नाणं होतं, दोन शिलिंग सहा पेन्सचं. इंग्रजांना त्यासाठी 'टू अँड सिक्स' असं फोडून सांगावं लागायचं. आपण 'अडीच शिलिंग' म्हणून मोकळे. आणि हे त्रांगडं आपण १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आणून सोडवलं, ते यांनी १५ फेब्रुवारी १९७१ ला. हे सांगितल्यावर शेजारच्या आजी म्हणाल्या, "आम्हाला ते अजून सुटलेलं नाही."

पहिल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं अंथरून मी चेहऱ्यांवरून ढीग घातले. व्हिक्टोरियाचे दोन. १८६० पासून १८९४ पर्यंतच्या ब्राँझ पेनीवर तिने केसांचा अंबाडा घातला आहे. इथले संग्राहकही त्या पेनीला तिच्या अंबाड्यावरूनच ओळखतात. १८९५ पासून डोक्यावरून ओढणी घेतलेली म्हातारी विधवा येते. मी त्यांना अंबाडेवाली आणि पदरवाली म्हणायला लागले आणि आता नवराही तेच म्हणतो. मग टकलावर आलेला सातवा एडवर्ड, दाढीवाला पाचवा जॉर्ज, गुळगुळीत दाढी केलेला सहावा जॉर्ज, आणि शेवटी तरुण एलिझाबेथ.

ज्यांचे चेहरे शाबूत होते त्यांचं काम तासाभरात झालं. खरी मजा पुढच्या ढिगात होती. झिजून नुसती चकती उरलेली, साल गेलेलं, नाव गेलेलं, चेहऱ्याच्या जागी एक उंचवटा. अशा एका पेनीवर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. टेबलावरचा दिवा उचलून जमिनीला समांतर आडवा ठेवला आणि नाणं बोटांत धरून हळूहळू कलंडवत गेले. वरून पडणाऱ्या उजेडात काही दिसत नाही, बाजूने येणारा उजेड मात्र केसाएवढ्या उंचवट्याचीही सावली पाडतो. पेनीच्या मागच्या बाजूला ब्रिटानिया बसलेली असते, ब्रिटनचं प्रतीक असलेली देवी. आधी तिची ढाल दिसली, मग गुडघा. मग तिच्या डावीकडे, कडेजवळ, एक उभा बारीक खांब. उजवीकडे तेवढ्याच उंचीवर शिडांचा पुसट त्रिकोण. झालं. दीपगृह आणि जहाज ही जोडी ब्राँझ पेनीवर १८९४ पर्यंतच आहे, १८९५ ला दोन्ही काढून टाकली. १९३७ मध्ये दीपगृह परत आलं, जहाज काही आलं नाही. म्हणजे ही चकती अंबाडेवालीचीच. ना साल, ना नाव, पण ओळख पटली. मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं. त्याने चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, "किती मिळतील?" काही नाही. अशा पेनीचे काहीही मिळत नाहीत.

राजे कुठे तोंड करून बसतात यालाही एक रिवाज आहे. नवा राजा आधीच्याच्या उलट दिशेला बघतो. व्हिक्टोरिया डावीकडे, सातवा एडवर्ड उजवीकडे, पाचवा जॉर्ज डावीकडे. पुढे सहावा जॉर्ज पुन्हा डावीकडेच बघताना दिसला तेव्हा मला वाटलं माझंच काही चुकतंय. मधला एक राजा गाळला गेला होता. आठवा एडवर्ड गादीवर आला जानेवारी १९३६ मध्ये आणि एका घटस्फोटितेशी लग्न करता यावं म्हणून डिसेंबरात राज्य सोडून गेला. त्याला स्वतःची डावी बाजू आवडायची, म्हणून रिवाज मोडून डावीकडेच बघणारं चित्र त्याने करायला लावलं होतं. पण नाणी चलनात यायच्या आतच तो गेला. टांकसाळीने मग तो उजवीकडेच बघत होता असं धरून भावाला डावीकडे बसवलं. घरातल्या नको त्या माणसाचा फोटो काढून टाकायचा, पण खिळा तसाच ठेवायचा, त्यातली गत.

आणि या राजाचं नाव मला सापडलं ते कुठे, तर डब्याच्या तळाशी, मधे भोक असलेल्या एका ब्राँझच्या नाण्यावर. पूर्व आफ्रिका, दहा सेंट, १९३६. भोकामुळे चेहऱ्याला जागाच नाही, भोवती फक्त नाव आणि मागे हत्तीचे वाकडे सुळे. इंग्लंडात त्याच्या नावाचं नाणं लोकांच्या हातात पडलं नाही, पण आफ्रिकेतल्या वसाहतींत, फिजीत, न्यू गिनीत पडलं. यजमान तरुणपणी लष्कराच्या सक्तीच्या नोकरीत केनियात होते, असं आजींनी सांगितलं, म्हणजे तिकडूनच आलं असणार. मला आपला भोकाचा पैसा आठवला. तो १९४३ चा, युद्धात धातू वाचवण्यासाठी मधूनच कोरून काढलेला.

आता माझा पराक्रम सांगते.

डब्यातली सगळ्यात देखणी पेनी होती १९१२ ची. पाचव्या जॉर्जच्या दाढीचा केस न् केस दिसत होता आणि सगळ्या नाण्यावर एकसारखा, पिकल्या चिकूच्या सालीसारखा रंग. सालाच्या डावीकडे एक बारीक एच. मला वाटलं, एवढं चांगलं नाणं, जरा उजळावं. आई देवघरातली तांब्याची भांडी उजळते तसंच. सोहो रोडवरून आणलेली चिंच भिजवली, त्यात चिमूटभर मीठ घातलं आणि अंगठ्याने दोन मिनिटं घासलं. पेनी अशी लखलखली की मी खुश होऊन खिडकीत ठेवून लांबून बघितली.

पुढच्या महिन्यात नाणी गोळा करणाऱ्यांच्या एका बैठकीला गेले तेव्हा ती मुद्दाम बरोबर नेली. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी भिंग लावलं, मग भिंग खाली ठेवलं आणि काहीच बोलले नाहीत. इंग्रज माणूस गप्प बसला की समजावं. बऱ्याच वेळाने त्यांनी सांगितलं की तो तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. शंभर वर्षांत तांब्याने हवेशी केलेला तो संसार आहे, तोच खालच्या धातूला राखतो. आंबट लागलं की थर जातो आणि त्याबरोबर छापताना धातू कडेकडे सरकल्याच्या त्या बारीक रेषाही जातात, ज्यांच्यावर उजेड फिरतो. आता हे नाणं कधीच पुन्हा तसं दिसणार नाही. संसार हा शब्द माझा. त्यांनी काहीतरी रासायनिक शब्द वापरला होता. घरी येताना बसमध्ये ती गुलाबी पेनी पर्समधून सारखी चमकत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

त्यांनीच मला तो एच कशाचा तेही सांगितलं. एच म्हणजे हीटन, बर्मिंगहॅमची खासगी टांकसाळ. सरकारी टांकसाळीला काम उरकेना की पेन्या हीटनकडून पाडून घेत, म्हणून १८७४ पासून काही सालांच्या पेन्यांवर हे अक्षर दिसतं. इक्नील्ड स्ट्रीटवरच्या त्या लाल विटांच्या इमारतीसमोरून माझी बस रोज जायची. २००३ मध्ये टांकसाळ बंद पडली. ज्या नाण्याचं मी वाटोळं केलं ते माझ्या बसच्या रस्त्यावर जन्मलं होतं.

त्यानंतर चेहऱ्यांवरचं माझं लक्ष उडालं. राजा कोण हे कुणीही सांगेल. मी अक्षरं वाचायला लागले.

आधी कडेने फिरणारी लॅटिन अक्षरं. देवाच्या कृपेने, सर्व ब्रिटनांचा राजा, धर्मरक्षक, असं सगळं तोडून तोडून लिहिलेलं. त्यात शेवटी 'इंड इंप'. हिंदुस्थानचा सम्राट. व्हिक्टोरियाने ही पदवी घेतली १८७६ साली आणि आपल्या रुपयावरची 'क्वीन' पुढच्याच वर्षी 'एम्प्रेस' झाली. इंग्लंडातल्या नाण्यांवर ते शब्द यायला मात्र १८९३ उजाडलं. ते तिथून गेले कधी हे बघायला मी १९४७, १९४८ आणि १९४९ या तीन पेन्या शेजारी शेजारी मांडल्या. सत्तेचाळीसवर इंड इंप आहे. अठ्ठेचाळीसवरही आहे! आपण झेंडावंदन करून मोकळे झालो तरी हे वर्षभर सम्राट म्हणवून घेत होते. एकोणपन्नासच्या पेनीवर अक्षरं नाहीत आणि उरलेल्या शब्दांत जरा जास्त हवा खेळते.

पण याहून भारी गोष्ट कॅनडाच्या एका सेंटवर होती. साल १९४७, आणि सालाच्या शेजारी मेपलचं इवलंसं पान, तिळाएवढं. मला ते नक्षीकाम वाटलं होतं. घडलं होतं ते असं: हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर कॅनडाला राजाच्या नावातून इंड इंप काढायचं होतं. त्याचे नवे साचे लंडनहून यायचे होते आणि ते १९४८ उजाडलं तरी आले नाहीत. इकडे बाजारात मोड नाही. मग त्यांनी १९४८ मध्ये जुन्याच, १९४७ च्या, साच्यांनी नाणी पाडली आणि ही पुढच्या सालची आहेत हे कळावं म्हणून शेजारी पान कोरलं. दिल्लीत झेंडा बदलतो आणि ओटावात एका सेंटला पान फुटतं. हे मी आजींना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमच्यामुळे." मी म्हटलं, "हो, आमच्यामुळे."

चांदीच्या नाण्यांवर मी फार रमत नाही. त्यांचं ओळखणं सोपं आहे. १९२० च्या आधीची साडेब्याण्णव टक्के चांदीची, त्यानंतरची निम्म्या चांदीची, १९४७ पासून चांदी अजिबात नाही, नुसतं तांबं आणि निकेल. महायुद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करायची होती. टेबलावर टाकून आवाज ऐकला तरी फरक कळतो.

आवाजावरून आठवलं. या नादाच्या पहिल्याच वर्षी मी इंटरनेटवरून एका विक्रेत्याकडून ब्रिटिश व्यापारी डॉलर घेतला. १८९५ पासून १९३५ पर्यंत हे मोठे चांदीचे डॉलर पूर्वेच्या व्यापारासाठी पाडत. एका बाजूला उभी ब्रिटानिया, दुसऱ्या बाजूला किंमत चिनी आणि मलायी लिपीत. यातले बहुतेक मुंबईच्या टांकसाळीत पाडलेले. ब्रिटानियाच्या हातातल्या त्रिशूळाच्या मधल्या टोकात भिंगाने पाहिलं तर एक सूक्ष्म बी दिसतो, बॉम्बेचा. माझ्या डॉलरवर बी होता, चिनी अक्षरं होती, व्यापाऱ्यांनी पारखून मारलेले ठसेही होते. फक्त वजन एकवीस ग्रॅम भरलं. असायला हवं जवळजवळ सत्तावीस. टेबलावर टाकला तर झाकण पडल्यासारखा 'थप्प' वाजला. आपल्याकडे वाजवून घे म्हणतात ते उगाच नाही, आणि पडद्यावरचं नाणं वाजवून घेता येत नाही. पैसे परत मिळाले नाहीत. तो डॉलर मी कागद उडू नयेत म्हणून खिडकीशी ठेवला आहे.

मग एका पावसाळी शनिवारी ऑस्ट्रेलियाच्या पेन्यांचा ढीग काढला. यजमानांची बहीण युद्धानंतर दहा पौंडांच्या सवलतीच्या तिकिटात बोटीने ऑस्ट्रेलियाला गेली ती तिकडचीच झाली आणि येताना-जाताना भावाला सुटे पैसे आणून द्यायची. मागे उडी मारणारा कांगारू, पुढे सहावा जॉर्ज. सगळ्या सारख्याच. बाजूला सारणार तेवढ्यात एकीवर 'पेनी' या शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेक टिंब दिसलं. दुसऱ्या एकीवर टिंब नव्हतं. टिंबवाली उलटी करून भिंगाखाली धरली. राजाची मान जिथे कापल्यासारखी संपते, त्याच्या खाली एक उभी रेघ. वर आणि खाली बारीक आडव्या कडा असलेली. म्हणजे ओरखडा नव्हे, अक्षर. आय.

आय म्हणजे इंडिया, आणि १९४२ च्या पेनीवर आय म्हणजे मुंबई.

युद्धात ऑस्ट्रेलियाला सुटे पैसे पुरेनात. चांदीची काही नाणी त्यांनी अमेरिकेतून पाडून आणली आणि तांब्याच्या काही पेन्या, अर्ध्या पेन्या १९४२ आणि १९४३ साली फोर्टातल्या आपल्या टांकसाळीतून. लग्नाआधी चार वर्षं मी त्या टांकसाळीच्या दगडी खांबांवरून रोज चालत गेले आहे, सीएसटीहून ऑफिसला. भिंतीला लागून वडापावची गाडी असायची. आत काय चालतं याचा विचार एकदाही केला नव्हता. बेचाळीसच्या ऑगस्टात गवालिया टँकवर 'चले जाव' झालं आणि तिथून तासाभराच्या चालीवर, त्याच सालाचा शिक्का मारून, या पेन्या पडत होत्या. गिरगावातून किंवा लालबागमधून आलेला कुणी माणूस घामेजल्या हातांनी कांगारूंच्या थाळ्या उचलत असेल. कांगारू हा प्राणी त्याने राणीच्या बागेत तरी पाहिला असेल की नाही देव जाणे. त्या पेन्या मग बोटीने सिडनीकडे गेल्या, तिथून बहिणीच्या पर्समधून बर्मिंगहॅमला माळ्यावर, आणि आता माझ्या वर्तमानपत्रावर. फार दुर्मीळ नाही ही पेनी. माझ्यासारखी झिजलेली पेनी चहा-केकच्या पैशांत मिळते.

त्यानंतर मला उलट दिशेचं नाणं हवं होतं, मुंबईसाठी इथे पाडलेलं. मला ते असतं हे ठाऊक झालं होतं. सोहो रोड, जिथे मी मेथी, कोथिंबीर आणि ती घातकी चिंच आणते, त्या सोहोतच मॅथ्यू बोल्टनने वाफेच्या यंत्रावर नाणी पाडायला सुरुवात केली आणि १७९१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यासाठी तांब्याचे पैसे त्याच्याकडूनच करून घेतले.

विमानतळाजवळच्या मोटारसायकल संग्रहालयात नाण्यांचा बाजार भरतो, तिथे गेलो. प्रत्येक टेबलापाशी विक्रेता माझ्या नवऱ्याला विचारी, "तुम्ही काय गोळा करता?" नवरा माझ्या पिशव्या धरून उभा. तो म्हणे, "मी पार्किंगची तिकिटं." अकराव्या की बाराव्या टेबलावर, 'भारत, इतर' असं लिहिलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, कागदी पाकिटात तो पैसा होता. एका बाजूला कंपनीची गाठोड्यावरची खूण आणि साल. दुसऱ्या बाजूला तराजू, आणि दोन पारड्यांच्या मधे फारसी अक्षरांत 'अदल', म्हणजे न्याय. कंपनी सरकार आणि न्याय! नवरा मोठ्याने हसला. दोघांच्या जेवणाच्या बिलाएवढे पैसे मोजून मी तो घेतला. आता एका पुठ्ठ्याच्या चौकटीत तो आणि आयवाली पेनी शेजारी शेजारी आहेत. त्यांच्याखाली ती गुलाबी एच. तिला टाकवत नाही.

गेल्या दिवाळीत आईबाबांना फोन लावला तेव्हा लक्ष्मीपूजनाची मांडणी चालली होती. पणजोबांचा राणीछाप रुपया ताटात होता, १८८५ चा. मी म्हटलं, "बाबा, जरा भिंग घ्या. आकडा आहे त्या बाजूला, सालाच्या खाली, नक्षीतल्या फुलात एक बारीक बी आहे का बघा. असला तर तो मुंबईचा." बाबा पेपर वाचायचं भिंग घेऊन आले. पडद्यावर त्यांचा एक भलामोठा डोळा आणि मागे समईचा उजेड. बराच वेळ शांतता.

"गुळगुळीत आहे गं," ते म्हणाले. "काहीतरी टिंबासारखं आहे. नाहीतर कुंकू असेल."

मागून आई म्हणाली, "कुंकू कुठलं? आत्ताच चिंचेने लख्ख घासलाय मी. दर वर्षी घासते."

"आई, तो घासू नको अगं. त्याच्यावरचं सगळं जातं."

"देवाचा आहे तो," आई म्हणाली, "काळा ठेवू?" आणि बाबांच्या हातून रुपया काढून घेऊन तिने त्याच्यावर हळदीकुंकू वाहिलं, नेमकं मधोमध.